गादीखालचं पाणी

नीलम्मा गेल्यावर मी घरात झोपलो नाही. अंगणात उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये झोपायला लागलो. ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरची पत्र्याची खोली. जीपच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत दोघांपुरता पलंग, गॅसची शेगडी, बारकीशी मोरी आणि पूजेचा कोपरा. परभणीला गाड्यांच्या बॉडीचं काम करणाऱ्या एका माणसाकडून आम्ही तो बनवून घेतला होता. तेव्हा सेलूतले लोक हसले. सरकी-पेंडीचा व्यापारी म्हातारपणी बायकोला घेऊन पत्र्याच्या डब्यात फिरणार, याची त्यांना गंमत वाटली.

पण त्याला कारण होतं. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय नीलम्मा पाण्याचा थेंब घ्यायची नाही, आणि पूजेचं पाणी तिला आपलंच लागायचं. लॉजच्या नळाचं चालायचं नाही, कारण संडासातही तेच पाणी जातं. लग्नानंतर श्रीशैलला गेलो होतो तेव्हा ती दुपारपर्यंत तशीच बसून राहिली आणि शेवटी चक्कर येऊन पडली. म्हणून हा ट्रेलर. त्यातही तिने दोन टाक्या करून घेतल्या. वापरायच्या पाण्याची मोठी टाकी खाली, दोन चाकांच्या मधे. पूजेच्या पाण्याची स्टीलची छोटी टाकी वर, पलंगाच्या बाजूच्या फळीवर. तिथून एक नळी भिंतीच्या प्लायमागून पूजेच्या कोपऱ्यात जायची आणि पितळी तोटीला मिळायची. बॉडीवाला म्हणाला, "काकू, एवढ्याशा पाण्याला वेगळी लाइन कशाला?" ती म्हणाली, "तुमी करा."

आम्ही कूडलसंगमला गेलो, बसवकल्याणला गेलो, उज्जैनला गेलो. केदारनाथ राहिलं. श्रावणात तिच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. शेतात खड्डा घेतला, तिला मांडी घालून बसवलं, तळहातावर तिचं लिंग ठेवलं, विभूती टाकली आणि वरून माती ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला आणि मी तिला हाक मारली. सून बाहेर आली. त्याच दिवशी मी अंथरूण ट्रेलरमध्ये नेलं. पलंगावर भिंतीकडची बाजू माझी होती. मी तिथेच झोपायचो. तिच्या बाजूला सरकायचो नाही.

दिवाळीनंतर गादी ओली व्हायला लागली.

सकाळी उठलो की कंबरेखाली गार लागायचं. धोतर भिजलेलं, चादर भिजलेली, गादीचा मधला भाग पिळला तर पाणी निघेल असा. पहिल्यांदा वाटलं, तांब्या लवंडला असेल. पण पुन्हा झालं, आणि मग रोजच व्हायला लागलं. माझी सून धनश्री चादर बदलायला यायची.  मग एके दिवशी तिने गादी उचलली आणि कंपाउंडच्या भिंतीवर टाकली, रस्त्याच्या बाजूला.

"तिकडं कशाला?" मी म्हणालो. "आत टाक की."

"आत ऊन येत न्हाई मामा. आन् दिसली तर दिसली. रोज धुयाचं मलाच हाय."

रस्त्याने जाणारे गादीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. सात वर्षांची नात रुद्राणी ट्रेलरपाशी आली की नाकाला चिमटा लावायची. तिला कोणी रागावलं नाही. धनश्रीच्या बहिणीचा फोन आला की ती अंगणात उभी राहून मला ऐकू जाईल अशी सांगायची, "लहान लेकराचं तरी काढता येतं गं. यांचं कसं काढावं?"

एकदा संध्याकाळी दुकान बंद करून विरेश आला, माझा मुलगा. त्याच्या हातात मोठ्या माणसांच्या लंगोटांचं पाकीट होतं, औषधाच्या दुकानातलं. ते त्याने ट्रेलरच्या पायरीवर ठेवलं.

"हे काय हाय?"

"आप्पा, या वयात होतं. लाजायचं काय त्यात?"

"अरे, मला काय झालेलं न्हाई. ट्रेलर गळायलाय."

"कुठून गळायलाय? आभाळात ढग तरी हाय का?"

"मग टाकी गळत असंल."

"टाकी चाकाच्या मधी हाय. पाणी खालून वर चढायलंय का?" तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. "हे बघा. संक्रांतीपर्यंत बघू. तवर थांबलं तर ठीक. न्हाई तर तुमी मागल्या खोलीत झोपायचं, आमच्या नजरेखाली. आन् हा डबा विकायचा. स्टँडवरचे माणिकराव कधीचे मागायलेत, नाष्टा सेंटर टाकायला."

"हा तुझ्या आईचा हाय."

"आई कुठं हाय आता?" असं म्हणून तो आत गेला.

मागची खोली म्हणजे जिथे पेंडीची पोती ठेवतात ती. तिला खिडकी नाही. पण मला खोलीचं काही नव्हतं. ट्रेलर गेला तर नीलम्माचा वास जिथे अजून राहिला होता ती उशी, तिने खिळा ठोकून लावलेला आरसा, तिची तोटी, सगळं माणिकरावांच्या भज्यांच्या तेलाखाली जाणार होतं. संक्रांतीच्या आत गळती सापडली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी पप्पू खिल्लारेला बोलावलं. पप्पू बोअरच्या मोटारी काढतो आणि नळाचं काम करतो. चाळिशीचा माणूस, अवजारं सिमेंटच्या रिकाम्या गोणीत, तोंड एक क्षण बंद नाही. त्याने आधी ट्रेलरच्या छतावर पाइपने पाणी सोडलं आणि मला आत बसवलं. थेंब आला नाही. मग खिडक्यांच्या रबरावर पाणी मारलं. आत कोरडं. खालची टाकी काठोकाठ भरली, पंप चालू केला, मोरीचे नळ उघडून बंद केले, ट्रेलरखाली पाठीवर झोपून सगळे सांधे बघितले. बाहेर आला तेव्हा शर्टाला माती लागली होती.

विरेश दारात उभा होता. पप्पू हात झटकत म्हणाला, "भैया, गाडीच्या टाकीला काय न्हाई. आता दुसरी टाकी तपासावी लागती." आणि माझ्या धोतराकडे बघितलं.

विरेश हसला. दोघं मिळून हसले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धनश्रीही हसल्याचा आवाज आला. मी मधे उभा होतो. मी पप्पूचा पाना उचलून त्याच्या हातात दिला.

जाताना पप्पूचं लक्ष वरच्या फळीवरच्या स्टीलच्या टाकीकडे गेलं. "आप्पा, ही कशाची?"

"पूजेची. तिला हात लावू नको."

"पाणी हाय का तिच्यात?"

"न्हाई. रिकामी हाय."

त्याने बोटाने टाकी वाजवून बघितली, मी नको म्हणत असताना. टाकी रिकामीच वाजली. ते खरंही होतं. आमच्या घरी पूजेचं पाणी उरवून ठेवत नाहीत. संध्याकाळी मोटार चालू झाली की मी टाकी भरायचो, पहाटे पूजा करायचो आणि पूजा झाली की तोटी सोडून उरलेलं सगळं पाणी बेलाच्या झाडाला घालायचो. नीलम्माने लावलेली शिस्त होती. दिवसभर टाकी कोरडी असायची. म्हणून दिवसा येणाऱ्या माणसाला ती कधी भरलेली दिसणारच नव्हती, आणि तिच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. बाकी सगळी गाडी तपासायची आणि ती टाकी सोडून द्यायची, हे मला बरोबरच वाटत होतं.

संक्रांत जवळ आली. मी कमी पाणी पिऊन बघितलं. संध्याकाळनंतर घोट घेतला नाही. तरी गादी ओली. मग पलंगावर झोपलोच नाही, खाली जमिनीवर कांबळं टाकून झोपलो. सकाळी गादी ओली आणि कांबळं कोरडं. मी विरेशला हात धरून आणलं.

"बघ. मी खाली झोपलो व्हतो."

त्याने गादीला हात लावला, कांबळ्याला हात लावला. "आप्पा, उठून वर गेला असाल झोपंत. आन् मंग खाली आला असाल."

"मी येडा हाय का?"

"मी तसं म्हणलो का?" तो म्हणाला. आवाजात मात्र तेच होतं.

त्या संध्याकाळी टाकी भरून झाल्यावर मी विभूतीचा गोळा घेतला आणि कुटला. कोरडी, पांढरी राख झाली. ती मी चिमटीने खिडक्यांच्या कडेला टाकली, छताच्या सांध्याखाली टाकली, पलंगाभोवतीच्या प्लायच्या प्रत्येक फटीला चोळली. विभूती अशा कामाला वापरावी की नाही हा विचार केला नाही. ओली विभूती काळपट होते हे मला लहानपणापासून माहीत होतं, कपाळावर घामाने होते तशी.

सकाळी उजेड झाल्यावर बघितलं. खिडक्या पांढऱ्या. छत पांढरं. पण पूजेच्या टाकीच्या फळीखाली एक बोटभर रुंद काळी रेघ होती. ती प्लायच्या फटीतून बाहेर येत होती, लोखंडी पट्टीवरून तिरपी खाली जात होती आणि बरोबर पलंगाच्या मध्यावर गादीखाली शिरत होती. मी बोट लावलं. गार पाणी होतं.

मी त्या रेघेसमोर बसलो. मग मोठ्याने रडलो, कारण आता रडायला हरकत नव्हती. धनश्री धावत आली. मी तिला रेघ दाखवली. तिने बघितली. म्हणाली, "मंग आता?"

"पप्पूला बोलवायचं. माझे हात थरथरतात."

"दुसरा कुणी न्हाई का?"

"का?"

"पूजेच्या पाण्याची लाइन हाय मामा. आत्याबाईंनी कुणाला शिवू दिली न्हाई. आन् तुमी पप्पूला सांगायलात?" पप्पू बौद्ध आहे, हे तिने म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. बसवेश्वर जयंतीला माणूस सगळा एक आहे असं भाषण आमच्या मंगल कार्यालयात होतं. एका वर्षी मीही केलं होतं, आणि धनश्रीने पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

"त्यालाच बोलव," मी म्हणालो. मला पाण्याची नाही, संक्रांतीची काळजी होती.

पप्पू आला. टाकी भरायला लावली, प्लायचा तुकडा कापून काढला आणि आत बॅटरी मारली. टाकीतून नळी निघते तिथे थेंब जमत होता, मोठा होत होता आणि पट्टीवर पडत होता.

"वायसर गेला आप्पा. कडक लाकूड झालाय. टाकी लय दिवस कोरडी पडली व्हती का?"

पडली होती. नीलम्मा गेल्यापासून दसऱ्यापर्यंत मी पूजाच केली नव्हती. तेवढ्यात रबर वाळलं.

"मंग त्या दिवशी सांगितलं असतं तर?" पप्पू म्हणाला. "हात लावू नको, हात लावू नको. आता लावलाच ना हात?"

"लावला," मी म्हणालो.

त्याने नवा वायसर टाकला, नळीचं टोक कापून पुन्हा बसवलं, त्यावर पत्र्याची क्लिप चढवली आणि पेचकसाने तिचा आटा आवळत नेला, हाताच्या शिरा फुगेपर्यंत. म्हणाला, "प्लाय लगेच लावू नका. थोडे दिवस उघडा राहू द्या. सकाळी हात घालून बघत जा."

तो गेल्यावर धनश्री ट्रेलरचं दार उघडं टाकून पलंगावर चढली आणि टाकी जागेवरच विभूतीच्या पाण्याने धुवायला लागली. आतून, बाहेरून, पुन्हा आतून. तेवढ्यात पप्पू परत आला. त्याचा पाना राहिला होता. त्याने बघितलं आणि फाटकातच थांबला.

"धुवा वैनी, धुवा," तो म्हणाला. "नळी मातर आतून धुता येणार न्हाई. तिच्यात मीच राहणार."

धनश्रीने वळून बघितलं नाही. मी पाना आणून दिला. त्याच्याकडे न बघता दिला.

दुसऱ्या दिवशी गादी कोरडी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. संक्रांत आली आणि गेली. विरेशने पायरीवरचं पाकीट गुपचूप उचललं. मला म्हणाला, "नळीच व्हती म्हणा की." त्याच्याकडून माफी म्हणून एवढंच येणार होतं. ते घेऊन मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मला गप्प बसायचं नव्हतं.

धनश्रीने हळदीकुंकू केलं. गल्लीतल्या बाया, तिची आई, तिची बहीण, सगळ्या नटून अंगणात बसल्या होत्या. मी ट्रेलरमधून हाक मारली, "धनश्री, इकडं ये. सगळ्यांना घेऊन ये."

बाया उठून आल्या. त्यांना वाटलं काहीतरी दाखवायचं आहे.

"गादीला हात लाव," मी म्हणालो.

"मामा, आता पाव्हण्या हायत."

"पाव्हण्यांसाठीच म्हणायलोय. रोज भिंतीवर टाकत व्हतीस तेव्हा गल्लीला दाखवत व्हतीस ना? आता हात लाव आन् सांग, ओली हाय का कोरडी?"

तिने हात लावला. हातात वाणाची डबी होती, ती तिने दुसऱ्या हातात घेतली. "कोरडी."

"मोठ्यानं सांग. तुझ्या बहिणीला फोनवर सांगत व्हतीस तेवढ्या मोठ्यानं."

"कोरडी हाय," ती म्हणाली. तिची आई खाली बघत होती. धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी बघितलं आणि मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन तिळगूळ जास्त खाल्ले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी सकाळी जागा झालो आणि गादी ओली होती.

डोळे उघडायच्या आधीच मला फरक कळला. टाकीचं पाणी माघाच्या थंडीत बर्फासारखं असतं. हे कोमट होतं. हललो नाही तर ते खरं ठरणार नाही, असं वाटून मी तसाच पडून राहिलो. मग ते गार व्हायला लागलं. मी उठलो, कापलेल्या प्लायच्या आत हात घातला. क्लिप कोरडी. वायसर कोरडा. पट्टी कोरडी. पुन्हा पुन्हा हात फिरवला. टाकी भरलेली होती आणि एक थेंबही बाहेर येत नव्हता. पप्पूने काम चांगलं केलं होतं.

बाहेर धनश्री सडा टाकत होती. आता चादर घ्यायला येईल. येईल आणि हात लावेल, कोणी न सांगता.

मी भाजीची सुरी घेतली. तिचं टोक क्लिपच्या आट्यात घातलं आणि उलटं फिरवलं. आवळायला जोर लागतो, ढिलं करायला नाही. थरथरत्या हातालाही जमतं. दोनदा सुरी घसरली. तिसऱ्यांदा आटा फिरला, नळीच्या कडेने पाणी फुटलं, पट्टीवरून वाहिलं आणि गादीत शिरलं. पुरेसं भिजेपर्यंत मी थांबलो. मग हाक मारली.

"विरेश! अरे ए विरेश! पुन्हा गळायलंय बघ!"

विरेशने बघितलं. पाणी खरंच गळत होतं. त्याने तिथेच उभं राहून पप्पूला फोन लावला आणि त्याला जे बोलला ते रस्त्यावर ऐकू गेलं. फुकटखाऊ म्हणाला, चोर म्हणाला. सेलूच्या एकाही व्यापाऱ्याच्या बोअरला हात लावू देणार नाही म्हणाला. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. ओलं धोतर मी तेवढ्यात बदललं होतं.

पप्पू लगेच आला. गोणी खाली ठेवली नाही, तशीच खांद्यावर घेऊन आत शिरला. बॅटरी मारली. बराच वेळ बघितलं.

"ही क्लिप ढिली केलीय."

"सुटली असंल," विरेश म्हणाला.

"क्लिप आपोआप सुटत न्हाई भैया. आटा उलटा फिरवावा लागतो. इथं खरवडलंय बघा, नवीन हाय. पेचकसानं असं व्हत न्हाई."

"म्हणजे आमच्या घरातल्यांनी केलं?"

"मी केलं न्हाई, एवढं सांगायलोय."

"तुझ्या हाताला हे काम द्यायलाच नको व्हतं," विरेश म्हणाला. "धनश्री सांगत व्हती. पूजेची वस्तू. ज्याचं काम त्यानंच करावं."

पप्पूने त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळला. "आप्पा, तुमी सांगा. क्लिपला कुणी हात लावला का?"

धनश्री दारात होती. तिच्या मागे रुद्राणी. फाटकाबाहेर शेजारचे दोघं जण थांबले होते.

"कुणी न्हाई," मी म्हणालो. "तूच ढिली ठिवली असशील."

 पप्पूने गादीवर हात ठेवला. पट्टीवरून पाणी शिरत होतं तिथे नाही, मी झोपायचो तिथे. हात नाकाशी नेला. मग गोणी टाकली, दोन्ही हातांनी गादी ओढून बाहेर काढली आणि अंगणात विरेशच्या पायाशी आपटली.

"घ्या वास! हे टाकीचं पाणी हाय का? सांगा! म्हाताऱ्यानं रातीला मुतलं आन् सकाळी क्लिप सोडली. आन् चोर मी!"

"तोंड सांभाळ," विरेश म्हणाला. "आमचे आप्पा खोटं बोलत न्हाईत." त्याचा हात वर गेला होता.

"लावा हात. एकदा लावून बघा," पप्पू म्हणाला. "मंग मी पण दाखवतो कायदा काय असतो."

विरेशचा हात खाली आला. "निघ इथून."

पप्पूने गोणी उचलली. फाटकापाशी थांबून तो मला म्हणाला, सगळ्यांसमोर, पण हळू आवाजात, "आप्पा, मला नुसतं डोळ्यानं सांगितलं असतं ना, तर मी म्हणलो असतो, व्हय, क्लिप माझ्यानंच ढिली राहिली. फुकटात पुन्हा आवळून दिली असती. पण तुमी तर माझंच नाव घेतलं." मग बाहेर थांबलेल्या दोघांना म्हणाला, "चला, तमाशा झाला." आणि गाडीला किक मारून गेला.

विरेशने फाटक बंद केलं, कडी घातली. मला वाटलं तो आत जाईल. तो वाकला, गादीच्या मधोमध हात ठेवला आणि हात तोंडापाशी नेला. धनश्री बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, निदान मला तसं वाटलं. ती थकलेली दिसत होती.

"आप्पा," तो म्हणाला, "किल्ली."

"विरेश, एकदाच झालं. पहिल्यांदाच. आधीचं खरंच नळीचं व्हतं."

"किल्ली द्या."

मी ट्रेलरची किल्ली दिली. दुपारपर्यंत मागच्या खोलीतली पोती एका बाजूला सरकवून लोखंडी खाट टाकली गेली. खाटेवर रबराचं कापड अंथरलं होतं, त्यावर चादर. विरेशने उचललेलं पाकीट खाटेखाली होतं. लिंग माझ्या गळ्यात होतं. पूजेच्या पाण्यासाठी धनश्रीने मोरीतला प्लास्टिकचा जग आणून ठेवला. 

दोन दिवस गावात हीच चर्चा होती. पप्पू गप्प बसणारा नव्हता आणि त्याने का बसावं. मी बाहेर पडलो नाही.

तिसऱ्या दिवशी माणिकराव ट्रेलर बघायला आले. सोबत टेप आणला होता. शेगडी कुठे ठेवायची, गिऱ्हाईक कुठल्या बाजूने उभं राहील, सगळं मोजून घेतलं. नीलम्माचा आरसा काढून पलंगावर ठेवला, कारण तिथे त्यांना बरण्या लावायच्या होत्या. मला बोलावलं नव्हतं, मी आपणहून अंगणात येऊन खुर्चीवर बसलो होतो. धनश्रीने सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला.

माणिकराव प्लायच्या कापलेल्या भोकात डोकावले. "शेठ, हे काय? गळतीबिळती न्हाई ना? लोकं काय काय बोलायलेत. माझं सगळं पिठाचं काम. पाणी उतरलं तर माल जाईल."

"आप्पांना विचारा," विरेश म्हणाला. "तेच झोपत व्हते त्याच्यात."

तो कपाटाची फळी नीट बसते का ते बघत होता. वळला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात किल्ली होती. "सांगा आप्पा. ट्रेलर गळतो का?"

गळतो म्हटलं तर माणिकराव घेणार नव्हते. ट्रेलर अंगणात राहिला असता, निदान काही दिवस. विरेशलाही ते माहीत होतं. तो वाट बघत होता.

"क्लिप आवळली की गळत न्हाई," मी म्हणालो. "चांगला हाय."

"मंग त्या दिवशी गादीत पाणी कुठून आलं?" विरेशने विचारलं. आवाज अगदी साधा होता, दुकानात पोत्याचा भाव विचारावा तसा. "माणिकरावांना नीट सांगा. उद्या त्यांनी मला विचारू नये."

माणिकराव म्हणाले, "राहू द्या शेठ, कशाला..."

"न्हाई, सांगू द्या त्यांना."

धनश्री ट्रे घेऊन दारात थांबली होती. रुद्राणी तिच्या पदराआडून बघत होती.

"माझं व्हतं," मी म्हणालो.

माणिकरावांनी कप खाली ठेवला आणि दुसरीकडे बघितलं. विरेशने किल्ली त्यांच्या हातात दिली. मग माझ्या हातातला कप बघून म्हणाला, "आप्पा, सगळा पिऊ नका. अर्धाच घ्या."